भरलेला तोबरा, थांबलेली घोडी

मार्गशीर्षातला गुरुवार, रात्रीचे साडेआठ. भिवंडीत अंजूरफाट्याच्या अलीकडे वरातीची घोडी भर रस्त्यात थांबते. मागचे पाय ताठ, पोट आत ओढलेलं, मानेवरून आणि काखेतून घामाच्या धारा. ताशा चालूच राहतो, कारण घोडी अडली असं सगळ्यांना वाटतं. नवरदेवाचे मामा ओरडतात, "अरे, टाच मार ना तिला!"

टाच मारून ती हलणार नाही. तिच्या पुठ्ठ्याचे आणि कमरेचे स्नायू आखडून बसले आहेत आणि त्यांच्या पेशी फुटायला लागल्या आहेत.

ही घोडी आणि ही माणसं कुणी एक नाहीत. लग्नसराईत कुठल्याही तबेल्यात सापडतील अशी आहेत. पण तिच्या शरीरात जे घडलं त्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे, आणि घोड्यांच्या डॉक्टरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या नोंदवून ठेवलं आहे. म्हणून काटे मागे फिरवायचे. वरात निघाली तिथपर्यंत फिरवून भागत नाही. त्याच्याही अडीच दिवस मागे, तोबऱ्यापर्यंत जावं लागतं.

मंगळवार, पहाटे ५:३० (६३ तास आधी)

कामवारी नदीच्या बाजूचा तबेला. घोडी रात्री एक वाजता पडघ्याची वरात करून आली आहे. तुळशीचं लग्न लागल्यापासून तिला उसंत नाही. आज मुहूर्त नाही, उद्याही नाही. म्हणजे दोन दिवस सुट्टी.

मोतद्दार पोरगा तोबरा भरतो. भिजवलेले हरभरे, जवाचा भरडा, गव्हाचा कोंडा आणि वर गुळाचा खडा. सकाळ-संध्याकाळ मिळून चार-साडेचार किलो चंदी, वरातीच्या दिवशी असते तेवढीच. मालकाने तसं सांगूनच ठेवलं आहे, "दमली आहे बिचारी, दोन दिवस पोटभर खाऊ दे."

संकटाचा पहिला तास हाच आहे, आणि तो मायेचा आहे. या मालकाला मी निर्दय म्हणणार नाही. त्याच्या घरची चूल या घोडीवर पेटते. तिच्या अंगावर तकाकी असली तर बुकिंग येतं, आणि तकाकी चंदीने येते अशी त्याची पक्की समजूत आहे. पण हरभऱ्यात आणि जवात पिष्ट असतं. पोटात त्याची साखर होते, आणि ती साखर ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत साठते. कामाच्या दिवशी साठा वापरला जातो. अगाडी-पिछाडी लावून जागच्या जागी उभ्या असलेल्या घोडीत तो नुसता भरत जातो.

मंगळवार, संध्याकाळी ५ (साडेएक्कावन्न तास आधी)

घोडी खूर आपटते, दाव्याला हिसके देते, बाजूने जाणाऱ्या टेम्पोकडे बघून खिंकाळते. तबेल्यातली माणसं खूश होतात. ताकद आली, म्हणतात.

गेल्या वैशाखातही अशीच ताकद आली होती. त्या वेळी दोन दिवसांच्या सुट्टीनंतर बाहेर काढल्यावर ती शंभर पावलांत मागून आखडली होती. लचक भरली असेल म्हणून पोराने तेल चोळलं, दुसऱ्या दिवशी ती नीट चालली आणि विषय संपला. खरं म्हणजे तो विषय तिथे सुरू झाला होता. एकदा असा झटका आलेल्या घोड्याला तो पुन्हा येण्याची शक्यता धरूनच पुढचं खाणं आणि काम आखावं लागतं.

काही घोड्यांत हा दोष जन्माचाच असतो. स्नायूंत साखर चुकीच्या पद्धतीने साठवणारं एक जनुक अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये शोधलं. ते क्वार्टर हॉर्स आणि ओझी ओढणाऱ्या थोराड जातींत आढळतं. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत वेगळा दोष असतो. तिथे गडबड स्नायूंतल्या कॅल्शियमच्या ये-जा करण्यात होते, आणि शंभरात पाच ते दहा घोड्यांना त्याचा त्रास होतो. चिडखोर, घाबरट तरुण घोड्या त्यात जास्त. पण रक्तात असा काही दोष नसलेला घोडाही भरपूर चंदी, बंद तबेला आणि एकदम काम या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आखडू शकतो. वरातीच्या घोडीच्या आयुष्यात या तिन्ही वारंवार एकत्र येतात.

बुधवार, दिवसभर (साडेअडतीस ते साडेतेवीस तास आधी)

काहीच घडत नाही. घोडी उभी आहे. तोबरा दोनदा भरला जातो, दोनदा रिकामा होतो.

युरोपातल्या शहरांत मालगाड्या ओढणाऱ्या घोड्यांच्या काळात या दुखण्याला सोमवारचा आजार म्हणत. शनिवारपर्यंत राबलेला घोडा रविवारी पूर्ण खुराकावर तबेल्यात उभा राही आणि सोमवारी सकाळी जुंपला की अर्ध्या तासात रस्त्यात कोसळे. तिथल्या जाणत्या गाडीवानांनी यावर उपायही काढला होता. शनिवारी रात्रीच दाणे बंद करायचे आणि कोंड्याची पातळ लापशी द्यायची. भिवंडीत रविवार सुट्टीचा नसतो, उलट सर्वांत जास्त वराती त्याच दिवशी. इथे या आजाराचा वार पंचांग ठरवतं. मुहूर्तांच्या मध्ये जिथे दोन-तीन दिवसांची मोकळी जागा पडते, तिच्या दुसऱ्या टोकाला तो उभा असतो.

आपल्याकडे जनावरांच्या कामाचे नियम आहेत. ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ मध्ये केलेल्या नियमांत दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांच्या पुढे नको, पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी बारा ते तीन काम नको, असं स्पष्ट लिहिलं आहे. नियम चांगले आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. आपल्या या घोडीने त्यातला एकही मोडलेला नाही. कामाचे तास मोजले जातात, रिकामे तास कुणी मोजत नाही. माझ्या मते या रोगाकडे दुर्लक्ष होतं ते इथेच.

गुरुवार, सकाळी ९ (साडेअकरा तास आधी)

खरारा, अंघोळ, अयाळीला वेण्या. पोरगा मन लावून करतो. घोडीच्या पुढ्यात पावली, म्हणजे सुकं गवत, टाकलेली आहे. पावसाळ्यात हिरवं गवत मिळत होतं, आता ते संपलं. हिरव्या चाऱ्याबरोबर ई जीवनसत्त्वाचा पुरवठाही आटला, आणि स्नायूंच्या पेशींची आवरणं सांभाळायला ते लागतं. तबेल्यात मिठाचा खडा नाही. घोड्याच्या घामातून मीठ भराभर जातं. गेले दोन आठवडे ते जातच होतं, पण भरून कुणी दिलं नाही.

गुरुवार, दुपारी ३ (साडेपाच तास आधी)

रात्री यायला उशीर होणार म्हणून संध्याकाळची चंदी आत्ताच दिली जाते. थोडी वाढवूनच.

गुरुवार, संध्याकाळी ५:४५ (पावणेतीन तास आधी)

घोडी टेम्पोत चढते. जुन्या आग्रा रोडवर गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरची रांग लागली आहे. टेम्पो ब्रेक मारतो, सुटतो, खड्ड्यात आदळतो. प्रत्येक धक्क्याला ती चारी पाय रोवून तोल सावरते. बघणाऱ्याला वाटतं, घोडी आरामात उभी आहे. तिचे पुठ्ठे मात्र तासभर काम करत असतात, तेही एकाच जागी ताणून धरण्याचं. दोन दिवसांनंतरची तिच्या शरीराची पहिली हालचाल ही अशी आहे.

गुरुवार, संध्याकाळी ७:४० (५० मिनिटं आधी)

नवरदेव चढतो, पुढ्यात पुतण्याला बसवतात. सामानासकट पाठीवर शंभर किलोच्या वर वजन. घोडी स्वतः चारशेच्या आसपास. टेम्पोतून उतरल्यावर तिला चालवून मोकळी करायला वेळच मिळालेला नाही. डीजेचा आवाज छातीत घुसतो, डोळ्यांसमोर दिवे लखलखतात, आणि मागणी येते ती पहिल्यांदा यायची तीच, "घोडी नाचव रे!"

नाचणं म्हणजे काय, ते घोडीच्या अंगाने बघायला हवं. पुढचा भाग उचलायचा, सगळा भार मागच्या पायांवर घ्यायचा, जागच्या जागी पाय उचलायचे, थांबायचं, पुन्हा उचलायचे. कमर आणि पुठ्ठ्याच्या स्नायूंवर याहून कडक काम क्वचितच पडतं. घोडदळाच्या शाळांत असली पावलं शिकवायला वर्षं लागतात, आणि शिकवण्याआधी घोड्याचं अंग रोज मोकळं करून घेतात. इथे ती तबेल्यातून थेट या कामाला लागली आहे, आणि वर भीती आहेच. भेदरलेल्या घोड्यात हा झटका लवकर उठतो.

गुरुवार, संध्याकाळी ७:५५ (३५ मिनिटं आधी)

या सगळ्या तासांतलं सर्वांत महत्त्वाचं मिनिट हे. घोडीचं मागचं पाऊल आखूड पडायला लागतं. हवेत गारवा असूनही काखेत घाम फुटलेला आहे. शेपूट किंचित उचललेली आहे. पोरगा रोज तिच्याबरोबर असतो, त्याच्या नजरेतून हे सुटत नाही.

"मालक, मागून आखडतेय ती."

"चाल पडली की सुटेल. दोन दिवस उभी होती ना."

दोन दिवस उभी होती, हे निदान मालकाच्या तोंडूनच बाहेर पडलं. फक्त त्यावरचा उपाय उलटा निघाला. आत्ता नवरदेवाला उतरवलं असतं, घोडीला जागेवरच उभी ठेवून पाठीवर झूल टाकली असती आणि पाणी पाजलं असतं, तर प्रकरण बहुधा दोन दिवसांच्या दुखण्यावर निभावलं असतं. जगात कुठल्याही घोडेवाल्याने पाठ करून ठेवावं असं काही असेल, तर ते एवढंच: सुट्टीनंतर आखडलेलं पाऊल दिसलं की काम तिथल्या तिथे थांबवायचं.

गुरुवार, रात्री ८:१० (२० मिनिटं आधी)

स्नायू आकसतो तेव्हा पेशीच्या आत कॅल्शियम सुटतं. सैल होण्यासाठी ते परत आपल्या कप्प्यात ओढून घ्यावं लागतं, आणि त्यालाही ऊर्जा लागते. घोडीच्या पुठ्ठ्यात आता हे ओढून घेणं जमत नाही. आकसलेला स्नायू आकसलेलाच राहतो. पूर्वी याचा दोष साठलेल्या लॅक्टिक आम्लाला देत. पुढे संशोधकांनी अशा घोड्यांचं रक्त तपासलं तेव्हा ते कारण टिकलं नाही. दोन गाण्यांच्या मध्ये ताशा थांबतो तेव्हाही तिच्या मांडीवर थरथर दिसते.

गुरुवार, रात्री ८:३०

घोडी थांबते.

नवरदेव घाईघाईने उतरतो. कुणी पुठ्ठ्यावर हात ठेवून बघतो तर बोट रुतत नाही. ती पुढच्या पायाने जमीन उकरते, मान वळवून पोटाकडे बघते. त्यावरून गर्दीतला एक जण ठामपणे सांगतो की पोटात कळ आली आहे, फिरवा तिला. पोटदुखीत घोड्याला फिरवायची जुनी रीत आहे आणि लक्षणंही बरीच सारखी दिसतात, म्हणून ही चूक अगदी समजूतदार माणसांकडूनही होते. इथे मात्र प्रत्येक पाऊल म्हणजे आणखी पेशी फुटणं. तिला ओढत शे-दोनशे पावलं नेतात. कडेच्या दुकानासमोर तिचे मागचे पाय दुमडतात, पण पडता पडता ती सावरते. घोडा एकदा आडवा झाला आणि उठू शकला नाही, तर पुढचं फार अवघड होतं. चारशे किलोचं स्वतःचं वजनच त्या दुखऱ्या स्नायूंना खाली दाबून मारतं.

रात्री १०:१५

घोडी मुतते. मूत काळ्या कॉफीच्या रंगाचं.

पोरगा रक्त समजून घाबरतो. ते रक्त नव्हे, स्नायूंमधलं मायोग्लोबिन आहे. फुटलेल्या पेशींतून ते रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडातून बाहेर पडायला बघतं. घोडीच्या अंगात पाणी कमी असेल तर तेच मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत अडकतं आणि त्यांना निकामी करतं. या रोगात घोडे दगावतात ते पुष्कळदा त्यामुळेच, आखडल्यानंतर दोन-चार दिवसांनी, पाय सुधारत असताना. त्याच पेशींतून पोटॅशियमही सुटतं आणि हृदयाची लय बिघडवू शकतं.

आता निर्णय येतो टेम्पोचा. परळला जनावरांचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, पशुवैद्यक महाविद्यालय आहे. भिवंडीहून चाळीसेक किलोमीटर. पण ज्या टेम्पोत उभं राहून तिचे पुठ्ठे थकले त्यातच तिला पुन्हा तासभर उभी करायची का? उभं राहवत नसेल तर तिला हलवू नये, डॉक्टरांना तिथे आणावं. या रात्री तसंच होतं. जवळच्या एका गोदामाच्या आवारात तिला आसरा मिळतो.

रात्री ११:३०

डॉक्टर आधी नाडी मोजतात. विश्रांतीत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात, तिचे ऐंशीच्या पुढे आहेत. मग सलाइन. घोड्याला एक-दोन बाटल्यांनी काही होत नाही, दहा-वीस लिटर आणि त्याहूनही जास्त द्यावं लागतं, मूत पुन्हा स्वच्छ होईपर्यंत. दुखणं थांबवणाऱ्या इंजेक्शनची घाई ते करत नाहीत. पाणी भरून येण्याआधी दिलेलं वेदनाशामक आधीच अडचणीत असलेल्या मूत्रपिंडावर भार टाकतं. तबेल्यात अशी इंजेक्शनं सर्रास ठेवलेली असतात आणि डॉक्टर येईपर्यंत दिलीही जातात, म्हणून हे सांगणं भाग आहे.

शुक्रवार, पहाटे २

रक्ताचा नमुना घेतला आहे. तपासणी असते सीपीके, हृदयविकाराच्या झटक्यात पूर्वी माणसाची करत तीच. निरोगी घोड्यात हा आकडा काहीशे असतो. स्नायू फुटल्यावर चार-सहा तासांत तो शिखर गाठतो, म्हणजे साधारण आत्ताच, आणि हजारांत, कधी लाखांतही जातो. एएसटी नावाचं दुसरं द्रव्य सावकाश चढतं, दिवसभराने वर पोचतं आणि बरेच दिवस वर राहतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की झटका ताजा आहे की जुना ते कळतं. वैशाखातल्या त्या 'लचकी'नंतर हीच तपासणी झाली असती तर खरा आजार तेव्हाच कागदावर आला असता.

पुढचे दिवस

तीन दिवस घोडी उभी. दाण्याचा कण नाही, फक्त भिजवलेली पावली आणि पाणी. चौथ्या दिवशी ती सैल चालायला लागते तेव्हा डॉक्टर सांगतात ते मालकाला पटत नाही, "आता आणखी कोंडून ठेवू नका." ज्या घोडीला हा त्रास आहे तिला बरं वाटल्यावर महिनाभर बांधून ठेवणं म्हणजे पुढच्या झटक्याची तयारी. आधी हाताने धरून पाच मिनिटं चालवायचं, मग रोज दोन-दोन मिनिटं वाढवायची. सीपीके उतरल्याशिवाय पाठीवर खोगीर नाही.

खाण्याचा हिशेब असा. घोडीच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा, म्हणजे हिला रोज सहा ते आठ किलो. पावली अर्धा-एक तास पाण्यात बुडवून, ते पाणी फेकून मग द्यायची. त्या पाण्याबरोबर गवतातली बरीच साखर जाते. हरभरा, जव आणि गूळ बंद, किंवा नावापुरते. त्यांची ताकद भरून काढायला सोयाबीनचं तेल, पन्नास मिलिलिटरपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू पाव लिटरपर्यंत. त्याबरोबर ई जीवनसत्त्वाची रोज एक ते दोन हजार युनिटं, कारण तेल वाढलं की त्याची गरजही वाढते. रोज तीसेक ग्रॅम मीठ, घाम गाळण्याच्या दिवसांत त्याहून जास्त. कोंड्याने पोट भरायची सवयही सोडायची. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडं, त्यामुळे हाडांचं नुकसान होतं. आणि जो थोडाफार दाणा उरेल तो कामाच्या दिवसाचा. सुट्टी लागली की त्याच्या आदल्या रात्रीपासूनच कमी.

मालक विचारतो, "दाण्याशिवाय तकाकी कुठून येणार?" तेलाने येते, आणि चांगली येते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याला स्वतःलाच दिसेल.

व्यायामाचा प्रश्न भिवंडीत जास्त कठीण आहे. घोडीने दिवसातले निदान बारा तास मोकळं असावं असं पुस्तकं सांगतात, पण इथे मोकळी जागा म्हणजे दोन गोदामांमधला ट्रक फिरवायचा रस्ता. भात कापून झाल्यावर खारबावच्या बाजूला शेतं रिकामी असतात. शेतकऱ्याशी बोलून तिथे रोज तासभर सोडता येईल. ते जमत नसेल तर मुहूर्त नसलेल्या प्रत्येक दिवशी, रहदारी वाढायच्या आत, अर्धा तास हाताने चालवणं आणि त्यात थोडी दुडकी. वरातीच्या दिवशी टेम्पो तासभर आधी पोचला पाहिजे, म्हणजे नवरदेव चढण्याआधी पंधरा मिनिटं तिला नुसती चालवून मोकळी करता येईल.

राहिला नाच. तो बंद करायचा असेल तर ते रस्त्यावर, डीजेसमोर, चाळीस नातेवाइकांच्या गर्दीत ठरत नाही. बुकिंग घेतानाच तबेल्यात बसून सांगावं लागतं: घोडी चालेल, नाचणार नाही, पाठीवर एकच माणूस, आणि मोतद्दाराने थांबा म्हटलं की नवरदेव उतरेल. काही गिऱ्हाइकं दुसऱ्या तबेल्यात जातील. मालकाने पंचांग उघडून पौष लागेपर्यंतच्या मुहूर्तांवर लाल पेनाने खूण केली आहे, आणि मधल्या रिकाम्या दिवसांवर पहिल्यांदाच निळ्या पेनाने. निळ्या दिवसांपुढे पोराच्या हाताने लिहिलं आहे: दाणा नाही, अर्धा तास चालवणे.